शेजाऱ्याचा श्वास

रविवारच्या मिस्सानंतर आम्ही काही जण लालबाग राजवाड्याजवळच्या टपरीवर चहाला थांबतो. तिथे सिगारेट पेटतेच, आणि “स्वतःच्या पैशाने ओढतो” हे उत्तर ठरलेले. पैसे तुमचे, मान्य. धूर मात्र शेजारणीच्या कडेवरच्या बाळाच्या छातीत जातो. त्यात ७,०००हून अधिक रसायने असतात. कधीच न ओढणाऱ्यालाही त्याने फुप्फुसाचा कर्करोग, हृदयविकार होतो. मुलांचा दमा बळावतो. मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दवाखाने, शाळा, रेल्वेत धूम्रपानाला बंदी केली. २००३ मध्ये कायदा आला. दंड? फार तर २०० रुपये! आणि आम्ही? शेजारप्रीतीचे प्रवचन नुकतेच ऐकून आलेले, भिडेपोटी कप घेऊन दोन पावले सरकतो. बाळाला सरकता येत नाही. येत्या रविवारी आम्ही सरकणार नाही, हात जोडून म्हणू, “भैया, बुझा दो.”