कागदावरचे पाणतीर

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांकडे आपला सुशिक्षित वर्ग अद्याप पोरखेळ म्हणूनच पाहतो. तथापि यांतील काही खेळ इतके गंभीर आहेत, की एक डाव पुरा होण्यास महिने, क्वचित वर्षेही लागतात. २००४ साली निघालेला आणि २००९ साली सुधारून वाढविलेला ‘वॉर इन द पॅसिफिक’ हा त्यांपैकी एक. डिसेंबर १९४१ पासूनचे पॅसिफिक महासागरातील युद्ध त्यात एकेका दिवसाच्या चालीने लढता येते. प्रत्येक विमानाचा वेग व पल्ला, प्रत्येक शस्त्राचा मारा यांचे कोष्टक खेळाच्या पोटात असते आणि ते बदलण्याची सोयही खेळाडूला दिलेली असते. साहजिकच जुनी कागदपत्रे धुंडाळून हे आकडे दुरुस्त करणाऱ्यांचा एक वर्गच निर्माण झाला आहे. या उद्योगाची थट्टा करणे सोपे आहे. परंतु कारखान्याची स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष उत्पादन यांतील फरक ज्याला दरवर्षी वर्गात समजावून सांगावा लागतो, त्याला ती थट्टा करवत नाही.

अमेरिकी पाणबुड्यांचा ‘मार्क १४’ हा पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, पाहा. कागदावर त्याचा वेग ताशी ४६ सागरी मैल आणि पल्ला ४,५०० यार्ड. हे आकडे खोटे नव्हते. फक्त त्यांवरून लढाईत काय घडले ते कळत नाही. जून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातील ऑल्बनी येथे रिअर ॲडमिरल लॉकवुड यांनी पाण्यात जाळे सोडून चाचणी घेतली, तेव्हा पाणतीर नेमून दिलेल्या खोलीपेक्षा सरासरी ११ फूट खालून जात असल्याचे आढळले. तो दोष निघतो न निघतो तोच, चुंबकीय यंत्रणेमुळे वेळेआधीच स्फोट होत असल्याचे स्पष्ट झाले. पर्ल हार्बरच्या पाणबुड्यांपुरती ती जून १९४३ मध्ये बंद करण्यात आली. त्यानंतर तिसरा दोष उघडा पडला. २४ जुलै १९४३ रोजी ‘टिनोसा’ या पाणबुडीने एका प्रचंड जपानी जहाजावर एकूण १५ पाणतीर सोडले. जहाज जागीच थांबल्यावर शांतपणे, नेम धरून मारलेले पाणतीर एकामागून एक आदळले. फुटला मात्र एकही नाही. कप्तानाने शेवटचा एक जपून तपासणीसाठी परत आणला. पर्ल हार्बरला स्फोटयंत्रणा ९० फुटांवरून पोलादी पत्र्यावर टाकून पाहिली, तेव्हा उमगले की काटकोनात आघात झाला की तिचा खटका वाकतो. तिरक्या आघातात तो बराच बरा चालतो. म्हणजे नेम जितका अचूक, तितका बार फुसका!

शांततेच्या काळात एका पाणतीराची किंमत सुमारे १०,००० डॉलर असल्याने खऱ्या स्फोटाच्या चाचण्या टाळण्यात आल्या होत्या. काटकसरीचा हा नमुना अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात घालण्याजोगा आहे. त्याची किंमत मोजली ती कप्तानांनी. शस्त्रास्त्र विभाग दीर्घकाळ त्यांच्याच नेमबाजीला बोल लावीत राहिला, आणि १९४२ मध्ये कित्येकांना पुरेसे आक्रमक नसल्याचा ठपका ठेवून पाणबुडीवरून दूर करण्यात आले. त्यांतील काही खरोखरीच कच्चे असतीलही. पण कोष्टकात नुसता कागदी आकडा ठेवला, तर खेळणारा विद्यार्थी नेमका त्या विभागाच्याच निष्कर्षावर येतो, की शस्त्र उत्तम होते, माणसेच कुचकामी होती. ‘वॉर इन द पॅसिफिक’मध्ये फुसक्या पाणतीरांचे प्रमाण धरलेले आहे, आणि हवे असल्यास ते सर्व भरवशाचे मानून खेळण्याचीही मुभा आहे. तशी मुभा असण्यास हरकत नाही. मात्र ती घेऊन खेळलेल्या डावाला इतिहास म्हणू नये.

विमानांच्या बाबतीत घोटाळा निराळा. ‘स्पिटफायर’च्या मर्लिन ३ या इंजिनाची शक्ती १,०३० अश्वशक्ती, असे जुनी पुस्तके सांगतात. ते ८७ ऑक्टेन इंधनापुरते खरे आहे. १९४० मध्ये ब्रिटिश लढाऊ तुकड्यांनी १०० ऑक्टेन इंधन वापरण्यास प्रारंभ केला, आणि तेच इंजिन कमी उंचीवर अल्पकाळ १,३१० अश्वशक्ती देऊ लागले. आकडे दोन्ही खरे. कोणत्या महिन्याचा आणि कोणत्या इंधनाचा, हे लिहिले नाही तर दोन्ही निरुपयोगी.

यापुढची दुरुस्ती मात्र घातक असते, ती देशाभिमानाची. १५ सप्टेंबर १९४० रोजी १८५ जर्मन विमाने पाडल्याचे ब्रिटनने जाहीर केले. युद्धानंतर जर्मन नोंदी पाहता तो आकडा साठाच्या आसपास निघाला. वैमानिक खोटे बोलत नव्हते. एकच कोसळते विमान तिघांनी मोजले होते. असे दावे घेऊन विमानाचे गुण ठरवू लागल्यास कोष्टकाचे स्तोत्र होते. आपल्याकडेही १९६५ च्या युद्धातील ‘नॅट’ला आकड्यांची खिरापत वाटावी, असे एखाद्या उत्साही तरुणाला वाटणे स्वाभाविक आहे. त्या चिमुकल्या विमानाने नाव कमावले हे खरेच. पण त्याच्या ३० मिलिमीटर तोफा ऐन वेळी अडकत, हेही तितकेच खरे. आणि त्या अडकणाऱ्या तोफा घेऊन जे लढले त्यांचे शौर्य कोष्टकातून तोफा निर्दोष केल्याने वाढत नाही, उलट दिसेनासे होते.

म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. अशा प्रत्येक कोष्टकात आकड्यासमोर दोन रकाने वाढवावेत. एकात तो कोणत्या तारखेपासून लागू आहे ते लिहावे, दुसऱ्यात तो कोणत्या कागदावरून घेतला ते. आणि दुरुस्ती करणाऱ्याने जुना आकडा पुसू नये, त्यावर नुसती रेघ मारावी. हिशेबाच्या वहीत कारकून हेच करतो.