उंदीर बरा झाला, पैलवानाचं काय?

आमच्या नीरा-नरसिंहपूरच्या पट्ट्यात कुस्तीचं वेड जुनं. पूर्वी पोराचा गुडघा दुखावला की वस्ताद त्याला महिना-दोन महिने आखाड्याबाहेर बसवायचे. आता भावकीतल्या एका पोरानं मोबाइलवरून ‘बीपीसी-१५७’ची कुपी मागवलीय. म्हणे, आठ दिवसांत लिगामेंट सांधतं!

हे पेप्टाइड, म्हणजे १५ अमिनो आम्लांची छोटी साखळी. त्यावर क्रोएशियातल्या झाग्रेबच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं काम केलं. उंदरांच्या तोडलेल्या लिगामेंटवर निकाल चांगले आले. मान्य! पण माणसांवरचे अभ्यास बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही मोजक्या लोकांवर. उंदरांत त्यानं नव्या रक्तवाहिन्या फुटतात म्हणतात. जखमेला त्या हव्याच असतात, पण कॅन्सरच्या गाठीलाही हव्या असतात. त्याचं उत्तर विकणाऱ्याकडे आहे का?

पेप्टाइड म्हणजे विष, असं मी म्हणत नाही. आपल्या निम्म्या नातेवाइकांच्या फ्रीजमधलं इन्सुलिनही पेप्टाइडच, ५१ अमिनो आम्लांचं. मधुमेहाची पायाची जखम भरायला भारत बायोटेकचं ‘रीजेन-डी’ जेल आहे. त्यातलं ईजीएफ ५३चं, आणि ते शोधणाऱ्या स्टॅन्ली कोहेन यांना १९८६चं नोबेल मिळालं. पण ही औषधं रुग्णांवर तपासून, मंजुरी घेऊन दुकानात आली. ती डॉक्टर लिहून देतो.

आणि या कुपीवर? ‘फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही.’ अहो, मग हे संशोधन चाललंय कुणावर? संशोधनात डोस ठरलेला असतो, नोंद ठेवतात, बिघडलं तर कुणीतरी जबाबदार असतं. इथं पोरगं आरशासमोर उभं राहून स्वतःच सुई टोचून घेतं. आत नेमकं काय आहे, किती शुद्ध आहे, देव जाणे. प्रयोगशाळेतल्या उंदराची निदान वहीत नोंद तरी होते!

वर आणखी एक गोष्ट. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं (वाडा) २०२२च्या बंदी-यादीत बीपीसी-१५७ नाव घेऊन घातलं. म्हणजे गुडघा बरा होवो न होवो, तपासणीत सापडला तर मॅटवरची कारकीर्द धोक्यात.

वस्ताद मंडळी, तुमचा शब्द पोरं आईबापापेक्षा जास्त मानतात. तालमीत एकदा खडसावून सांगाच. हाडांच्या डॉक्टरला दाखवा, सांगितलेला व्यायाम करा, हवा तेवढा वेळ द्या. हगामा पुढच्या वर्षीही भरणार आहे.

असो. पटलं तर घरातल्या पैलवानाला वाचून दाखवा.