ट्रंकेतला साठा

न हलणाऱ्या मालाविषयी आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांना मी काय सांगावे? पण गोधडी शिवणाऱ्या आजींच्या ट्रंकेला दुकानाचा नियम लागू पडत नाही. बँकेत जुन्या मालाची किंमत आम्ही कमी धरीत असू. येथे वापरून मऊ झालेले सुती लुगडेच नव्या कापडाहून सरस, कारण त्यातून सुई सहज जाते. नऊवारी सुमारे सव्वाआठ मीटरची. चौपदरी घडी घातली की दोन मीटर लांबीच्या एका गोधडीचे आतले थर होतात. यापुढे किती गोधड्या खरोखर शिवून होतील, तेवढीच लुगडी ठेवावीत. ताणताच विरणारे कापड पुसण्यासाठी काढावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते; म्हणून उरलेले धुऊन, कडकडीत वाळवून सुती गाठोड्यात बांधावे.

मात्र ही आवराआवर आजींच्या माघारी उरकणे मला मुळीच मान्य नाही. कोणता तुकडा कोणाच्या बारशाचा, हे कापडावर लिहिलेले नसते. त्यांची नजर आणि आठवण शाबूत आहे तोवर त्यांनाच निवडू द्यावे, शेजारी बसून ऐकावे. द्यायचे कापडही त्यांच्याच हातून, शिवणारीच्या हाती जावे. भांडीवालीच्या टोपलीत नव्हे.