तसबिरीची कापलेली कड

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील जुनी घरे पाडण्याचा सपाटा सध्या चालू असून, डोळखांब-किन्हवलीकडील अथवा सरळगाव-धसईकडील एखाद्या कौलारू घराचे वासे-तुळया विकावयास निघाल्या म्हणजे माजघरातील लक्ष्मीची वा सरस्वतीची तसबीरही त्यांच्याच सोबतीने भंगाराच्या टेम्पोत चढते, आणि मुंबईच्या दलालाच्या हाती पडताच ती एकाएकी ‘दुर्मिळ’ ठरते. ही दुर्मिळता नेमकी कशाची, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

अशा तसबिरी छापणारा राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ कार्ले-मळवलीस गेला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभीच फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. प्रत्येक रंगास निराळी शिळा वापरून तेथे एकेका चित्राच्या एवढ्या प्रती निघाल्या की चित्र म्हणून ते विरळा नव्हेच. विरळा आहे ती चित्राखालची पट्टी. कारण छापखान्याचे नाव आणि गाव तेथे छापलेले असे, व त्यावरून प्रत मुंबईची की कार्ले-लोणावळ्याची, म्हणजे आरंभीची की मागाहूनची, याचा अदमास लागे. तसबीरवाल्याने काचेच्या मापात बसविण्यासाठी नेमकी तीच पट्टी कातरली, आणि देवाच्या चित्रास जन्मदाखला हवा कशाला, असे त्यास वाटले असल्यास त्याला दोष कोण देणार?

कड कापण्याचा असाच एक मासला अमेरिकेतला आहे. तेथे १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून वाटलेल्या बेसबॉलपटूंच्या चित्रांपैकी होनस वॅग्नरचे एक चित्र कोरेकरकरीत म्हणून लक्षावधी डॉलरांना विकले गेले. त्याच्या कडा आपणच कापून नीटनेटक्या केल्याची कबुली बिल मास्ट्रो या व्यापाऱ्याने २०१३ साली न्यायालयात दिली. तेथे कात्री चालली ती लोभाने, इकडे भक्तीने.

आमच्या मुलखातील धुवांधार पावसाळा आणि चुलीचा धूर यांतून निभावलेल्या प्रतीवर डाग असावयाचेच. कसरीने कोपरे कुरतडलेले, मागच्या फळीच्या खिळ्यांचा गंज कागदात उतरलेला, आणि ओलीने कागद काचेस असा चिकटलेला की दलालाने घाईने ओढताच देवीचा अर्धा चेहरा काचेवरच राहावा! मग त्यावर नवा रंग चढतो आणि किंमतही. माझ्या मते अशा रंगविलेल्या प्रतीपेक्षा धुराने काळवंडलेली, परंतु कोणत्या गावच्या कोणत्या घरातून आली हे ठाऊक असलेली प्रत शतपटीने मोलाची आहे.

म्हणून दोन्ही तालुक्यांतील वाचनालयांनी एक साधी नोंदवही घालावी. घर उतरविण्यापूर्वी तसबिरीचे पुढून-मागून छायाचित्र घेऊन गाव, घर आणि भिंत यांची नोंद तीत करावी, तसबीर विकावयाची की ठेवावयाची हा अखत्यार मालकाचाच राहू द्यावा, आणि चौकट मात्र जाणकारावाचून कोणी उघडू नये, अशी ताकीद त्यास द्यावी.