बोकडाची श्वासनलिका आणि आमचा वर्ग

श्वसनेंद्रियांचा धडा शिकवितांना खाटकाच्या दुकानांतून आणलेलीं बोकडाचीं फुप्फुसें श्वासनलिकेसह मुलांपुढें ठेवावींत कीं नाहींत, याविषयीं न्हावऱ्याच्या पालकांत मतभेद आहेत. कित्येकांस तें अमंगळ वाटतें. तीं ठेवावींत असें आमचें मत आहे.

अमेरिकेंतील पुष्कळ शाळांत या धड्यास डुकराचा गर्भ देतात. डुकरीण सुमारें ११४ दिवस गाभण असते. मांसासाठीं मारलेल्या डुकरिणींच्या पोटांत सांपडलेले हे गर्भ होत. जबडा उघडला म्हणजे पुढें कठीण टाळू, मागें मऊ टाळू, आणि जिभेच्या मुळाशीं एक लहानसें झांकण दिसतें. त्यास अधिस्वरद्वार म्हणतात. गर्भास प्राणवायु नाळेंतून मिळतो, त्यानें श्वास कधीं घेतलेलाच नसतो. म्हणून त्याच्या फुप्फुसाचा तुकडा पाण्यांत बुडतो. बोकडाचा तरंगतो. आमच्या गांवीं डुकराचा गर्भ कित्येक घरांस रुचणार नाहीं, व त्याची गरजहि नाहीं. बोकडाच्या नळीच्या कूर्चेच्या कड्या बोटास लागतात, आणि सायकलचा पंप लावला कीं फुप्फुसें डोळ्यांदेखत फुगतात. (तोंडानें मात्र कोणीं फुंकूं नये.)

हा केवळ परीक्षेचा विषय नव्हे. भाजलेले शेंगदाणे खातां खातां हसणारीं मुलें कोणाच्या घरीं नाहींत? गिळतांना स्वरयंत्र वर उचललें जाऊन तें झांकण त्यावर येतें. हसतांना वाट उघडी राहते, व दाणा नळींत शिरतो. अशा वेळीं घरोघर "वर बघ" म्हणून टाळूवर थोपटतात. ज्या मुलानें ती नळी हातांत धरली आहे, तें असें थोपटणार नाहीं. खोकतां येत असेल तर खोकूं द्यावें. आवाज व श्वास बंद झाला, तर मुलास पुढें वांकवून खांद्यांच्या मध्यें तळहातानें पांच जोरदार थापा द्याव्यात. दाणा न निघाल्यास मागून कवळून बेंबीच्या वर पांच वेळां आंत व वर दाबावें, आणि दुसऱ्यानें लगेच १०८ वर दूरध्वनि करावा. एका वर्षाच्या आंतील बाळाचें पोट मात्र दाबूं नये.

राहिला जीवहत्येचा आक्षेप. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०११ सालीं प्राणिशास्त्राच्या वर्गांतील विच्छेदन टप्प्याटप्प्यानें बंद करण्याची मार्गदर्शक तत्त्वें काढलीं, तें योग्यच झालें. धड्यासाठीं एकहि बेडूक मारणें आम्हांस मान्य नाहीं. परंतु येथें बोकड धड्यासाठीं मेलेला नसतो. देवानें मातीच्या मनुष्यांत श्वास फुंकला असें आम्ही उत्पत्तीच्या पुस्तकांत वाचतों. तो श्वास कोणत्या वाटेनें जातो हें पाहण्यांत अमंगळ तें काय?

ज्यांच्या घरीं मांस वर्ज्य आहे, त्या मुलांवर सक्ति नसावी. त्यांना चित्रें व मातीचा नमुना द्यावा. इतर पालकांनीं मात्र विरोधाचें पत्र धाडण्यापूर्वीं एकदां त्या तासास येऊन मागच्या बांकावर बसावें.