मूल हवे, पण कोणत्या मार्गाने?

नवदीक्षित बंधुभगिनींनो,

आपण त्रिसरण व पंचशील ग्रहण केले, देव्हारे उतरविले, श्राद्ध व पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा केली. तथापि एक जुने भय अद्यापि आपल्या उंबरठ्यावर बसून आहे. लग्नाला तीन वर्षे होऊन पाळणा हलला नाही, की घरात कुजबूज सुरू होते. सुनेला बारशाचे बोलावणे करताना शेजारीण अडखळते. आणि कोणी तरी हळूच नवसाची गोष्ट काढते. हे मुरुमास घडते, तसेच सोलापुरास आणि मुंबईसही घडते. याच भयावर आज एक मोठा बाजार उभा राहिला आहे. म्हणून या प्रश्नाचा धम्म व कायदा या दोन्ही अंगांनी विचार करणे अगत्याचे झाले आहे.

प्रथम या भयाचे मूळ पाहा. पुत्राच्या हातचा पिंड मिळाल्यावाचून बापाला गती नाही असे ज्या धर्माने शिकविले, त्याने अपत्यहीनता हा अपराध ठरविला आणि त्याची शिक्षा स्त्रीला दिली. ती वांझ ठरली, तिच्यावर सवत आली. नवसाने झालेली मुलगी देवाला वाहण्याची चालही आपल्याच समाजाने सोसली. देवदासी व जोगतिणींच्या सभेत बाबासाहेबांनी 1936 साली मुंबईत ते जिणे टाकून देण्यास सांगितले होते. पुढे 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे आपल्या माणसांनी पिंडदानच सोडले. ज्याला पिंड नको, त्याला पिंड देणारा पुत्र कशाला हवा? पूर्वजन्मीच्या पापाने कूस उजत नाही, ही समजूतही आपल्याला उरलेली नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वकर्माचा तो सिद्धांत नाकारला आहे. तेव्हा मुलाची जी इच्छा उरते ती मायेची. ती निर्मळ आहे, आणि ती पुरी करण्यास विज्ञानाचे साहाय्य घेणे हे बौद्धास मुळीच अनुचित नाही.

हे विज्ञान काय आहे? स्त्रीला काही दिवस इंजेक्शने देऊन स्त्रीबीजे वाढवितात, ती सुईने काढून प्रयोगशाळेत पुरुषाच्या शुक्राणूंशी त्यांचा संयोग घडवितात, आणि तयार झालेला गर्भ तीन ते पाच दिवसांनी गर्भाशयात सोडतात. अशा रीतीने जगातील पहिले मूल 1978 साली इंग्लंडमध्ये जन्मले. मुंबईत 1986 साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी केईएम रुग्णालयात हे कार्य सिद्धीस नेले. ते रुग्णालय मुंबई महापालिकेचे, म्हणजे गोरगरिबांचे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

याचा लाभ मोठा आहे. गर्भनलिका बंद असलेल्या स्त्रीला व शुक्राणू अत्यल्प असलेल्या पुरुषालाही आपले मूल लाभू शकते. परंतु धोकेही आहेत. औषधांनी बीजकोश सुजून प्रकृती गंभीर होऊ शकते. जुळी-तिळी राहिल्यास मुले अपुऱ्या दिवसांची जन्मतात. वय वाढेल तशी यशाची आशा घटते. एका खेपेस खर्च लाखाच्या पुढे जातो आणि पुष्कळ खेपा निष्फळ ठरतात. शेत गहाण ठेवून तिसऱ्या खेपेस निघालेले जोडपे आणि कर्ज काढून नवस फेडणारे जोडपे यांत सावकाराला काही फरक दिसत नाही.

म्हणून आधी दोघांनी तपासणी करून घ्यावी. दोघांनी, हा शब्द मी मुद्दाम लिहितो. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण आढळते. तरी दवाखान्याच्या पायऱ्या झिजवते ती स्त्री. पुरुषाच्या वीर्याची तपासणी सोपी व स्वस्त आहे. ती टाळून पत्नीला दोष देणे हे असत्य भाषण होय. आणि मूल नाही म्हणून दुसरी बायको करू पाहणाऱ्याने हे जाणावे की, 1955 चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. पहिली पत्नी नांदत असता केलेले दुसरे लग्न रद्दबातल असून तो सात वर्षांपर्यंत कैदेस पात्र गुन्हा आहे. मूल न होणे हे त्या कायद्यात घटस्फोटाचे कारण नाही.

आता 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याकडे वळू. त्यानुसार दवाखाना नोंदणीकृत असला पाहिजे. यशाची शक्यता, खर्च व धोके त्याने आधी समजावून सांगितले पाहिजेत. लेखी संमती घेतली पाहिजे. तक्रार निवारणाची सोय ठेवली पाहिजे. स्त्रीचे वय 21 ते 50 व पुरुषाचे 21 ते 55 यांच्या दरम्यान असावे लागते. एकट्या स्त्रीलाही हा मार्ग मोकळा आहे. जन्मलेले मूल त्या दांपत्याचेच औरस समजले जाते, त्याचा वारसाहक्क पूर्ण असतो. मुलगाच हवा म्हणून लिंग निवडणे हा गंभीर गुन्हा आहे. यांपैकी एकही गोष्ट मागण्यास लाजू नका; तो तुमचा हक्क आहे.

परंतु खरी कसोटी पुढेच आहे. कित्येकदा दुसऱ्या स्त्रीचे बीज घ्यावे लागते. कायदा म्हणतो की, 23 ते 35 वर्षांच्या स्त्रीने आयुष्यात एकदाच, आणि सातपेक्षा अधिक नाही, एवढीच बीजे द्यावी. त्यांची विक्री करता येणार नाही. तिचा विमा उतरविला पाहिजे. हे बंधन का घालावे लागले? बीज देणारी बहुधा गरीब असते म्हणून. ती बाई कोण असेल? आपलीच, भाड्याच्या खोलीत राहणारी, मुलाची फी भरण्यासाठी दलालाच्या मागे गेलेली बहीण. आपण जे दुसरे शील रोज म्हणतो, ते न दिलेले घेऊ नये असे सांगते. कर्जाने वाकलेल्या हाताने जे सोडले, ते दिले असे म्हणता येईल काय? दात्रीची संमती, तिचा विमा, तिची प्रकृती यांविषयी जो दवाखाना उत्तर देत नाही, तेथून बौद्धाने उठून यावे. आणि दात्याची जात विचारण्याचा मोह तर कोणासच होऊ नये. जातीतून बाहेर पडलेल्या माणसाने काचेच्या नळीत जात शोधावी, यापरते दीक्षेचे विडंबन कोणते?

आणखी एक मार्ग आहे, व तो आपल्याच घराण्याचा आहे. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले त्या जोतीराव फुल्यांना मूल नव्हते. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. 1874 साली एका ब्राह्मण विधवेचे मूल त्यांनी व सावित्रीबाईंनी दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. आज 1956 च्या दत्तक कायद्याने मुलगीही दत्तक घेता येते आणि पत्नीच्या संमतीवाचून पतीला दत्तक घेता येत नाही. अनाथ बालक शासनमान्य संस्थेतूनच घ्यावे. परस्पर मूल मिळवून देणारा इसम तुम्हाला तुरुंगाच्या वाटेवर नेत असतो.

तात्पर्य, विज्ञानाचे दार ठोठवा, पण कायदा हाती घेऊन. आणि आपल्या ऐपतीची रेघ आधीच आखून. सोलापूर व लातूर येथील शासकीय रुग्णालयांत हे उपचार गरिबास परवडतील असे मिळावेत, ही मागणी आपल्या संघटनांनी केली पाहिजे. आणि मूल झाले नाही तरी त्या दांपत्याला विहारात, लग्नात, बारशात पहिल्या रांगेत बसवा. ज्या दिवशी अपत्यहीन भगिनी आपल्या वस्तीत मान खाली न घालता वावरेल, त्या दिवशी आपण पिंडदान खरोखर सोडले असे म्हणता येईल.

जयभीम.