छातीतलं दुखणं सकाळपर्यंत ठेवू नका

संभाजीनगरकरांनो, नाथसागर काठोकाठ भरलेला असतानाही आपला नळ कोरडा का राहतो, हे तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको. धरणात पाणी असून भागत नाही, ते वाहिनीतून घरापर्यंत यावं लागतं. हृदयाचंही तसंच आहे. मुठीएवढा हा स्नायू मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त पुढे ढकलतो. आतले कप्पे सदा भरलेले, पण त्या रक्तावर त्याच्या जाड भिंतीची तहान भागत नाही. तिच्यासाठी महाधमनीच्या उगमापाशी दोन वेगळ्या धमन्या फुटतात, रुंदी जेमतेम 3-4 मिलिमीटर. वर्षानुवर्षं त्यांच्या अस्तराखाली चरबीचा थर साचतो. एके दिवशी तो फाटतो, वर गुठळी धरते आणि वाहिनी बंद पडते. अर्ध्या तासाच्या आसपास पुढचा स्नायू मरू लागतो. जलवाहिनी फुटली तर आपण दोन दिवस टँकरवर काढतो. हृदयाला टँकर नाही.

म्हणून हात जोडून विनंती आहे. छातीवर दडपण आलं, दुखणं डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे सरकलं, दरदरून घाम फुटला, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणत ओवा चावत बसू नका. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधीकधी छातीत दुखतही नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. आणि आपल्याकडची बाई आज पाण्याचा वार आहे म्हणून तशाच अवस्थेत हंडे भरत राहते. वहिनी, मावशी, पाणी दुसरं कुणी भरेल. तुम्ही बसा.

लगेच 108 ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे आणि चोवीस तास मिळते. वाळूजची रात्रपाळी असो की कन्नडजवळची वस्ती, रुग्णाला दुचाकीवर दोघांच्या मध्ये कोंबून नेऊ नका, जिना चढायला लावू नका. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी जितकी लवकर, तितका स्नायू वाचतो. पहिला ईसीजी चांगला आला आणि दुखणं थांबलं नाही, तर तो पुन्हा काढायला सांगा. जोरजोरात खोकून झटका थांबतो, असा एक संदेश मोबाइलवर फिरतो. तो खोटा आहे, पुढे पाठवू नका.

माणूस कोसळला, हाक देत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतोय, तर कांदा हुंगवण्यात आणि तोंडात पाणी घालण्यात मिनिटं जातात. एकानं 108 लावावा, दुसऱ्यानं छातीच्या मधोमध तळहात रोवून 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबत राहावं. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही. दमलात तर दुसऱ्याला बसवा. बरगडी मोडेल या भीतीनं हात आखडू नका, बरगडी जुळते. गणेश मंडळांनी, सोसायट्यांनी, भिशीच्या गटांनी एखाद्या डॉक्टरांना बोलावून हे शिकून घ्यावं. तासाभराचं काम आहे.

आपल्या स्वयंपाकघरात पाण्याचा वार लिहिलेला असतो ना, त्याच्याच खाली आज 108 लिहा. आणि रात्री ईसीजी निघतो असं घराजवळचं रुग्णालय कोणतं, ते उजेडी विचारून त्याचा नंबरही.